वर्तुळाला कंगोरे दिसले म्हणून ड्रॉइंगला दोष देऊ नका

होटगी रोडचा ड्राफ्टर:
काल इथं एका दादांनी ऑटोकॅडबद्दल (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) लिहिलं, "वर्तुळ कंगोऱ्याचं दिसलं की ड्रॉइंग बिघडलं समजा. व्ह्यूरेस थेट २०००० करा, डिस्प्लेच्या सगळ्या सेटिंग्ज फुल ठेवा, आणि ती काळी स्क्रीन काढून पांढरी लावा." खाली लोकांनी भराभर अंगठे दिले. दाखवले असते तर बरं झालं असतं.

अहो, ऑटोकॅड पडद्यावर वर्तुळ बारक्या सरळ रेघांनीच काढतं. रेघा किती, ते व्ह्यूरेस ठरवतं. १ ते २०००० चालतं, मूळचा आकडा १०००. जवळ झूम केलं की त्याच रेघा मोठ्या होतात, म्हणून कंगोरे. आरई (पडद्यावरचं चित्र नव्यानं काढायची आज्ञा) दाबून एंटर मारा, झालं गोल. ५० मिमीचा बोअर, म्हणजे भोक, आधीही ५०चाच होता. शिवाय हा आकडा चालू व्ह्यूपोर्टपुरता (ड्रॉइंग दिसायची चौकट) असतो आणि त्या ड्रॉइंगबरोबर सेव्ह होतो. रोज बदलायचा कंटाळा असेल तर टेम्प्लेटमध्ये टाका. कारखान्याच्या पायपिंगच्या फाइलला २०००० लावून माझं ४ जीबीचं मशीन मे महिन्यातल्या म्हशीसारखं बसलं होतं. डिस्प्ले म्हणजे चष्मा. नंबर बदलला म्हणून सिद्धेश्वर तलाव लहान-मोठा होत नाही.

चिंचोलीचा फॅब्रिकेटर:
चष्म्याचं कौतुक पुरे. या डिस्प्लेनं माझ्या दोन प्लेटा खाल्ल्या. पोरानं मॉडेलमध्ये, म्हणजे ड्रॉइंग काढतात तिथं, तुटक रेघ नीट दिसावी म्हणून एलटीस्केल (तुटक रेघेचे तुकडे किती पट लांब) ५० केलं. लेआउटला, म्हणजे छापायचा कागद मांडतात तिथं, पीएसएलटीस्केल १, म्हणजे तुकडे कागदाच्या मापानं. कागदावर एकेक तुकडा पन्नासपट लांब, रेघ अखंड. वेल्डरला वाटलं हीच बाहेरची कड. कापून मोकळा. त्याला काय बोलणार? त्यानं कागद बघितला.

होटगी रोडचा ड्राफ्टर:
मालक, नुकसान झालं ते वाईटच. पण हा डिस्प्ले नव्हे. एलटीस्केल प्लॉटवर उतरतं, व्ह्यूरेस उतरत नाही. एलडब्ल्यूडिस्प्ले (पडद्यावर रेघेची जाडी दाखवणं) बंद ठेवलं तरी लाइनवेट, म्हणजे ती जाडी, छापायची खूण असेल तर जाड रेघ जाडच येते. एलटीस्केल १ आणि पीएसएलटीस्केल १ ठेवा, बदललं की रीजनऑल मारा, सगळे व्ह्यूपोर्ट नव्यानं काढले जातात. हे त्या पोराला कोणी सांगितलं होतं का?

चिंचोलीचा फॅब्रिकेटर:
मला बारा हजारांत दुसरा मिळत नाही म्हणून तो पोरगा आहे. हातात कला आली की सकाळची गाडी पकडून पुणे. मागचे तीन असेच गेले. आपण शिकवायचं, हिंजवडीनं वापरायचं. तुम्ही रीजनऑल सांगता.

जुळे सोलापूरकर:
पुण्याचं निघालं का? आता रात्र गेली. मालक, वीस हजार द्या की, राहतील.

२०००० वाले दादा:
तो मीच. नाव घ्यायला लाजता कशाला? अठरा वर्षं ड्रॉइंग काढतोय. माझ्या मशीनवर २०००० मख्खन चालतं. तुमच्याकडं डबडं असलं तर तो दोष सेटिंगचा नाही. काळ्या स्क्रीनचं तर बोलूच नका. आमच्या ऑफिसला पश्चिमेची खिडकी, वर पत्रा. चार वाजता काळ्या स्क्रीनमध्ये ड्रॉइंग दिसत नाही, स्वतःचं थोबाड दिसतं.

अशोक चौक लूम:
दादांचं काळ्याबद्दल पटलं. माझे वडील चादरीचे जॅकार्ड ग्राफ काढायचे. पांढरा ग्राफ पेपर, लाल रंग, वर एक बल्ब. एकेक चौकट म्हणजे ताण्याबाण्याची एकेक गाठभेट. एक चौकट चुकली की तोच डाग प्रत्येक चादरीवर. चाळीस वर्षं पांढऱ्यावर काम केलं, कधी म्हणाले नाहीत डोळे दुखतात. म्हणाले असते तरी ऐकणार कोण होतं म्हणा. आता मी कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, तेही पांढऱ्यावरच.

होटगी रोडचा ड्राफ्टर:
काकांबद्दल आदर आहे. पण कागद उजेड फेकत नाही, मॉनिटर थेट डोळ्यांत फेकतो. आणि दोन नंबरच्या पिवळ्या रंगाचा लेयर (ड्रॉइंगमधला रेघांचा थर) पांढऱ्यावर शोधून दाखवा. सात नंबरचा रंग शहाणा, पार्श्वभूमी बघून काळा-पांढरा होतो. पिवळा तसाच राहतो आणि मोनोक्रोम सीटीबीनं (सगळे रंग काळे छापणारी प्लॉटची फाइल) कागदावर मात्र काळा छापतो. पडद्यावर न दिसलेली रेघ थेट गिऱ्हाइकाला दिसते.

२०००० वाले दादा:
मग लेयरचा रंग बदला. पत्रा बदलायला मालक पैसे देत नाही.

जुळे सोलापूरकर:
काय बे, पडदा लावा की खिडकीला! अख्ख्या सोलापुरात पडदा मिळंना झालाय काय?

२०००० वाले दादा:
पडदा लावला की वारा बंद. तुम्ही या एकदा मे महिन्यात, बसा दोन तास, मग बे-बे करा.

थ्रीडी प्रिंटवाला, सात रस्ता:
डिस्प्लेचा वस्तूशी संबंध नाही म्हणणाऱ्यांसाठी. मिक्सरचा नॉब ऑटोकॅडमध्ये काढला, एसटीएल (थ्रीडी प्रिंटरला द्यायची फाइल) केली, प्रिंट काढला. गोल नॉब पैलू पाडलेला आला. फॅसेटरेस मूळच्या ०.५ वर होतं. ते ०.०१ ते १० चालतं. शेडिंग किती गुळगुळीत दिसावं त्याची सेटिंग म्हणून मीही सोडून दिली होती. एसटीएल तिच्यावरच जाते. ५ केलं, नॉब गुळगुळीत. मग चष्मा बदलल्यावर तलाव बदलला ना?

होटगी रोडचा ड्राफ्टर:
बरं बाबा. त्या एका तलावापुरता बदलला. व्ह्यूरेसचं माझं म्हणणं तसंच आहे.

२०००० वाले दादा:
लिहून ठेवा रे कोणीतरी. आज ते "बरं" म्हणाले.

होटगी रोडचा ड्राफ्टर:
हसा. पण रोजचा घोटाळा वेगळाच आहे, त्यावर कोणी बोललं नाही. लेआउटमध्ये व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करायचं, माऊसचं चाक फिरवायचं, १:५० कुठल्या कुठं. पडद्यावर छान दिसतं. साइटवरचा माणूस कागदावर पट्टी लावतो आणि खांब सहा इंच सरकतो. व्ह्यूपोर्ट लॉक करा, मग स्क्रीन पांढरी ठेवा नाहीतर गुलाबी.

चिंचोलीचा फॅब्रिकेटर:
हे मात्र खरं आहे. आमच्याकडंही झालंय. पोराला उद्या दाखवतो, आला तर.

शिकाऊ:
सर, लॉक कुठं असतं?

होटगी रोडचा ड्राफ्टर:
व्ह्यूपोर्टची कड निवड, प्रॉपर्टीज उघड, डिस्प्ले लॉक्डला येस कर. आत चाक फिरवलं तर अख्खा कागद झूम होईल, स्केल जागेवर.

शिकाऊ:
कड निवडलीच जात नाही सर.

२०००० वाले दादा:
कडेचा लेयर फ्रीझ (लपवलेला) असेल, आधी थॉ कर, म्हणजे परत दिसता कर. एवढं मोठं व्याख्यान झोडलं आणि नेमकं हेच राहिलं.