मदत हवी आहे: अर्कान्सामधल्या हॅमर-इनला लोहार वडिलांना घेऊन जायचंय, तयारी काय करावी?

भाता:
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. वसंतात अर्कान्सातल्या ओल्ड वॉशिंग्टनला चाकू-पाती घडवणाऱ्यांचं हॅमर-इन, म्हणजे प्रात्यक्षिकांचा मेळावा, असतं, त्याला जायचा विचार आहे. त्या वेळी बाबा इथे असतील. त्यांचं गावी कऱ्हाडजवळ लोहारकाम आहे: कोयते, विळे, कुऱ्हाडी, खुरपी. इंग्रजी बोलत नाहीत, शाकाहारी आहेत, वय ६६.

मी स्वतः अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचा, म्हणजे एबीएसचा, तीन वर्षं अप्रेंटिस (शिकाऊ) सभासद आहे आणि आता जर्नीमनची, म्हणजे त्यापुढच्या पायरीची, चाचणी द्यायची आहे. प्रश्न असे:

१. रस्ता, मुक्काम, जेवण यांचं काय करावं?
२. स्वतःची हत्यारं किती न्यावीत?
३. बाबांना तिथल्या ऐरणीवर घडवता येईल का? त्यांनी येताना गावचा एखादा कोयता आणला तर चालेल का?
४. चाचणीचं पातं ५१६० नंबरच्या स्प्रिंग पोलादाचं करतोय. हॅमर-इनलाच चाचणी उरकता येते का, आणि पातं नेमकं कुठे फसतं?

तापलेली_ऐरण:
पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात. डॅलसहून आय-३० महामार्ग धरा. टेक्सारकाना ओलांडलं की होप गावाशी एक्झिट ३० घ्या आणि यूएस २७८ ने वायव्येला ९ मैल जा. एकूण साधारण सव्वातीन ते साडेतीन तास. वॉशिंग्टन हे अगदी छोटं गाव आहे, बराचसा भाग स्टेट पार्कच आहे, त्यामुळे मुक्काम होपला करा. तंबू टाकायचा असेल तर मर्फ्रीसबरोच्या क्रेटर ऑफ डायमंड्स स्टेट पार्कमध्ये जागा आहेत, पण मार्च-एप्रिलमध्ये त्या भागात वादळं येतात. वडील सोबत असताना पक्कं छप्परच बरं.

जेवणाची सोय स्वतःची ठेवा. पार्कमधल्या टॅव्हर्नमध्ये दुपारचं जेवण मिळतं, पण ते दक्षिणी पद्धतीचं. तिथे भाज्यासुद्धा बऱ्याचदा डुकराच्या मांसासोबत शिजवतात. मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते विचारून घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दही एवढ्यावर दोन दिवस निभावतात.

एक दिवस आधी पोचता आलं तर पार्कमधलं शस्त्रसंग्रहालय आणि लोहारशाळा काकांना नक्की दाखवा. १८३० च्या सुमारास जेम्स ब्लॅक नावाचा लोहार या गावात काम करत होता आणि जिम बोवीचा प्रसिद्ध चाकू त्यानेच घडवला, अशी तिथली परंपरा सांगते. पुरावा तोकडा आहे, तरी पाती घडवण्याच्या शाळेसाठी हे गाव निवडलं गेलं ते त्या परंपरेमुळेच. बिल मोरान यांनी १९७६ मध्ये एबीएस स्थापन केली आणि १९८८ मध्ये ती शाळा इथे सुरू झाली.

सांडशी:
हत्यारांबद्दल. कमीत कमी न्या. ऐरण, भट्टी, पॉवर हॅमर तिथे असतात. स्वतःचं न्यावं असं एवढंच:

- सवयीचा हातोडा, २ ते ३ पौंडांचा. दांडा सैल नाही ना, हे निघण्याआधी बघा.
- तुमच्या पोलादाच्या मापाची एक सांडशी. सैल पकडणारी सांडशी हे पातं उडण्याचं पहिलं कारण. पाव इंची पट्टीला पाव इंचीच जबडा हवा.
- चुंबक. दांडीवर बसवलेला, स्वस्तातला चालेल.
- प्रत्येकी दोन चष्मे: एक साधा सुरक्षा चष्मा, दुसरा भट्टीत बघण्यासाठी वेल्डिंगच्या शेड ३ चा. काचकाम करणारे वापरतात तो डिडिमियमचा चष्मा सोडियमची पिवळी झळाळी कापतो, उष्णतेचे अवरक्त किरण अडवत नाही. तो विकत घेऊ नका.
- कानात घालायचे बोळे. पॉवर हॅमरच्या शेजारी उभं राहिलं तर हे लागतातच.
- जाड सुती कपडे, चामड्याचे बूट. पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. पँटचा पाय बुटाच्या बाहेर असावा, आत खोचला तर पोलादाचे तापलेले पोपडे थेट बुटात जातात.
- ग्राइंडर चालवणार असाल तर पी१०० गाळणीचा मास्क.

घडी करता येणाऱ्या दोन खुर्च्याही घ्या. प्रात्यक्षिकं तासन् तास चालतात आणि काँक्रीटवर दिवसभर उभं राहणं साठीपुढच्या माणसाला जड जातं.

बहुतेक हॅमर-इनमध्ये ‘आयर्न इन द हॅट’ असतं: प्रत्येकाने एखादं हत्यार, पोलाद किंवा मुठीचं लाकूड द्यायचं, तिकिटं घ्यायची, सोडत निघते. जमलेला पैसा कार्यक्रमाला किंवा शिष्यवृत्तीला जातो. काकांच्या हातचा एखादा विळा त्यात ठेवलात तर लोक तो हातात घेऊन उलटसुलट बघतील. भाषा न येणाऱ्या माणसाची ओळख करून द्यायला याहून चांगला मार्ग नाही.

काळा_कोळसा:
कोयता आणायला हरकत नाही. चेक-इन सामानात, धारेवर जाड पुठ्ठा आणि वरून कापड गुंडाळून. हातातल्या बॅगेत अजिबात नाही. मात्र तो आधी घासून धुऊन घ्या. शेतीच्या हत्याराला माती चिकटलेली असली तर अमेरिकन कस्टम्स अडवतं. दांड्यावर सालही राहू देऊ नका.

परतीचं कमी लोक बघतात. भारताच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे कोयता परत नेणं वेगळं आणि १० इंची बोवी चाकू भेट म्हणून नेणं वेगळं. बाबांना काही द्यायचं तर छोटा स्वयंपाकाचा चाकू द्या. टेक्सासमध्ये साडेपाच इंचांवरचं पातं शाळा, बार अशा ठरावीक जागी नेता येत नाही. येता-जाता गाडीच्या डिकीत, म्यानात ठेवा.

आता ऐरणीचं. मोकळी ऐरण असेल तर संयोजकांना आधी विचारा आणि जबाबदारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांना तो मराठीत वाचून दाखवा. पाहुण्यांच्या आरोग्य विम्यात अशा कामातली इजा धरतात का, ते पॉलिसीत बघा. पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन प्रात्यक्षिक देता येत नाही. हौसेने चार घाव घालण्यात अडचण नाही.

पण माझ्या मते खरी काळजी वेगळीच आहे. तुमचे बाबा तापाचा अंदाज रंगावरून घेत असणार, आणि त्यांचा डोळा गावच्या अंधाऱ्या पडवीत तयार झालेला आहे. उघड्या शेडमध्ये, वसंताच्या उन्हात तोच ताप कितीतरी फिका दिसतो. पडवीत जो लाल-नारिंगी दिसतो तोच दिसेपर्यंत इथे तापवलं तर पोलाद ५०-१०० अंशांनी जास्त तापलेलं असतं. कण मोठे होतात आणि पातं पुढे ठिसूळ निघतं. शिवाय कोळशाच्या भट्टीत भात्यासमोर एकच तप्त जागा असते, हवा तो भाग तेवढाच तापवता येतो. गॅसच्या भट्टीत सगळं पातं एकदम तापतं, आणि पातळ धार पाठीच्या आधी पांढरी पडते.

उपाय साधा: चुंबक. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचं थांबतं. ५१६० कडक करण्यासाठी विझवताना त्याच्या वर अजून ५०-६० अंश, म्हणजे ८३० च्या आसपास हवं. भट्टीसमोर पत्रा किंवा ताडपत्रीची सावली करून घ्या आणि काकांना पहिल्यांदा चुंबक सुटतो तेव्हाचा रंग दाखवा. मुरलेला हात आहे, त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

भाता:
मनापासून आभार. हे रंगाचं डोक्यातच आलं नव्हतं. बाबा गाडीचा पाटा वापरतात आणि पाण्यातच विझवतात. इथे ५१६० ला सगळे तेल म्हणतात. त्यांना तिथे पाण्यात विझवू द्यावं का?

काळा_कोळसा:
पूर्ण पातं पाण्यात नको. भारतातले पाटे बऱ्याचदा सिलिकॉनच्या स्प्रिंग पोलादाचे असतात, ५१६० मध्ये क्रोमियम असतं. दोन्ही तेलात कडक होणारी पोलादं. पाण्यात थंड होण्याचा वेग इतका असतो की बाहेरचा थर कडक होऊन फुगतो तेव्हा आतला अजून बदलतच असतो. त्या ओढाताणीत धारेला उभी चीर जाते. कधी ‘टिंग’ असा आवाज येतो, कधी तोही येत नाही आणि चीर दुसऱ्या दिवशी दिसते.

मग गावाकडे कोयते कसे टिकतात? कारण तिथे अख्खं पातं बुडवत नाहीत. फक्त धार बुडवायची, बाहेर काढायची, सहाणेच्या तुकड्याने पटकन उजळायची आणि पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे उतरताना रंग बघायचा. फिकट पिवळा साधारण २२० अंश, तपकिरी २५०, जांभळा २७५, निळा ३०० च्या पुढे. कोयत्याला तपकिरी-जांभळ्यावर थांबवतात. कडक धार आणि चिवट पाठ एकाच तापात मिळते. हे बघायला तिथले लोक नक्की जमतील. जुना पाटा किंवा साधा कार्बनचा तुकडा घ्या, हे काकांना करून दाखवू द्या, आणि शेजारी उभं राहून तुम्ही भाषांतर करा. तुमच्या चाचणीच्या पात्यावर मात्र हा प्रयोग नको.

तापलेली_ऐरण:
चौथा प्रश्न. चाचणी हॅमर-इनला होईलच असं धरून चालू नका. ती मास्टर स्मिथसमोर, म्हणजे एबीएसच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या लोहारासमोर, द्यावी लागते आणि त्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. काही जण हॅमर-इनला घेतात, बरेच जण स्वतःच्या कार्यशाळेत बोलावतात. आजच लिहा. त्यांनी होकार दिला तरच पातं सोबत न्या.

मर्यादा: पातं १० इंचांपर्यंत, एकूण लांबी १५ इंचांपर्यंत, रुंदी २ इंचांपर्यंत. दमास्कस, म्हणजे थर जोडून केलेलं नक्षीदार पोलाद, चालत नाही. क्रम असा: मोकळा लटकणारा एक इंची मनिला दोर टोकापासून ६ इंचांच्या आत एका घावात तोडायचा. मग टू-बाय-फोर लाकूड (बांधकामातली दोन बाय चार इंची म्हणवली जाणारी पट्टी) दोनदा आरपार तोडायचं. त्यानंतर धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून पातं ९० अंशांत वाकवायचं. धारेला चीर पडली तर चालते, पण तुटणं पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशापलीकडे गेलं की नापास.

दोरावर फसण्याचं कारण बहुधा जाड धार असते. शेवटची धार लावण्याआधी कडेची जाडी अर्धा ते पाऊण मिलिमीटर ठेवा आणि वर किंचित फुगीर उतार द्या. त्याहून पातळ केलीत तर लाकडात धार वळते. दोर ताकदीने तुटत नाही, वेगाने तुटतो. मनगट शेवटी सुटायला हवं.

सांडशी:
वाकवण्याबद्दल मी भर घालतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात.

घडवून झालं की तीनदा नॉर्मलाइज करा, म्हणजे तापवून हवेत थंड होऊ द्या, प्रत्येक वेळी थोडा कमी ताप: ८७०, मग ८१५, मग ७६० अंश. दर वेळी स्थिर हवेत काळपट होऊ द्या. याने घडवताना वाढलेले कण पुन्हा बारीक होतात. त्याच पट्टीचा एक तुकडा सोबत तापवा, कडक करा आणि शेगड्यात मोडून बघा. मोडलेला भाग एकसारखा राखाडी आणि गुळगुळीत दिसला तर पुढे जा. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर पुन्हा नॉर्मलाइज करा, नुसतं टेम्परिंग (कडक केल्यावर कमी तापाने ठिसूळपणा घालवणं) वाढवून ते सुधारत नाही.

मग धारच तेवढी कडक करा. तेल साधारण ५५ अंशांपर्यंत कोमट. टाकीत तळाला लोखंडी ठोकळा ठेवा म्हणजे धारेकडचा पाऊण इंचच बुडेल. टोक आणि बुंधा एकाच पातळीत राहत नाहीत, म्हणून पातं पुढे-मागे हळू झुलवा. झुलवलं नाही तर टोकाला कडक रेषा पाठीपर्यंत चढते, आणि वाकवताना टोक तुटून उडतं.

टेम्परिंग २०५ अंशांना दोन तास, दोनदा. घरच्या ओव्हनचा आकडा खरा मानू नका, आत वेगळा तापमापक ठेवा. नंतर धार पाण्याच्या ताटात ठेवून पाठीवर टॉर्च फिरवा, पूर्ण निळी होईपर्यंत. हे तीनदा करा. धारेजवळ पिवळ्याच्या पुढचा रंग येता कामा नये.

शेवटची गोष्ट ग्राइंडरवरची. पाठीवर आडवे ओरखडे ठेवू नका. पातं वाकताना ताण तिथेच गोळा होतो आणि चीर ओरखड्यापासून सुरू होते. पाठीचे कोपरे गोल करा आणि ४०० नंबरच्या कागदाने लांबीच्या दिशेने घासा. पात्याचा बुंधा जिथे संपतो आणि आतली दांडी सुरू होते तिथे काटकोन ठेवू नका, गोल कानशीने वळण द्या. मूठ देखणी नसली तरी चालेल, सैल मात्र नको.

आणि एकच पातं करू नका. एकाच पट्टीतून, एकाच पद्धतीने दोन करा. एक घरी दोर, लाकूड, वाकवणं अशा पूर्ण क्रमाने संपवा. ते टिकलं तर दुसरं मास्टर स्मिथसमोर न्या.

भाता:
सगळं उतरवून घेतलं. मास्टर स्मिथना पत्र आजच पाठवतो. बाबांना शेड ३ चा चष्मा साध्या चष्म्यावरून बसेल असा मिळतो का?

सांडशी:
मिळतो. ‘चष्म्यावरून घालायचा’ म्हणूनच मागा, शेड ३, दोन्ही बाजूंनी बंद. नंबरचा चष्मा घालूनच दुकानात बसवून बघा. नाकावर दाबला गेला तर ते घामात काढून ठेवतील.