अनुभव धागा: भार देवावर टाकून निवांत झोपायचं कसं?

इंदूरच्या मराठी मंडळींना विनंती. 'देवावर सोडा' सगळेच सांगतात. सोडायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं, कुठे अडतं, ते लिहा.

रामबागेतून:
जप देवघरापुढे बसूनच करावा. अंथरुणावर दुसऱ्याच माळेला डुलकी लागते. 'श्रीराम जय राम जय जय राम' या १३ अक्षरी मंत्राच्या ३ माळा सावकाश म्हटल्या तर १५ मिनिटं लागतात. मणी मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मोठा मणी) ओलांडू नये, तिथून माळ उलटी फिरवावी. घाईत अक्षरं गिळली जातात आणि मन उद्याच्या हिशेबाला लागतं. अशा वेळी माळा वाढवू नका, वेग कमी करा.

लोकमान्य नगरातून:
गीता, अध्याय ९, श्लोक २२: 'योगक्षेमं वहाम्यहम्', भक्तांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत सांगतात. योग म्हणजे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे आहे ते टिकणं. (आयुर्विमा महामंडळाचं ब्रीद इथलंच.) बहुतेक चिंता या दोनच खणांत बसतात. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. मुलीचं लग्न डावीकडे, आईचा रक्तदाब उजवीकडे. प्रत्येकीपुढे उद्या आपण करायचं एकच काम लिहा: गोळ्या आणणे, एक फोन. उरलेलं देवाचं; तिथे 'श्री' लिहून वही देवघरात ठेवा, सकाळपर्यंत उघडू नका. काम न लिहिता नुसती यादी केली तर घोर वाढतो, कारण आपला वाटा कुठे संपला हेच मनाला कळत नाही.

स्नेहलतागंजातून:
खजराण्याच्या गणपतीमागे इच्छा धरून उलटं स्वस्तिक काढतात, ती पुरली की सुलटं. जरूर काढा, पण मग रोज 'अजून कसं नाही झालं' म्हणून मोजत बसू नका. मागणं एकदाच सांगावं. रोज हात जोडताना आज मिळालेल्या तीन गोष्टी नावानिशी म्हणाव्यात. 'सगळं छान आहे' मनाला भिडत नाही. 'नर्मदेचा नळ वेळेवर आला' भिडतं.

पुन्हा रामबागेतून:
झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल, अन्नावरची वासना गेली असेल तर डॉक्टरांकडे जा. जपासाठी चालू औषध कुणीही बंद करू नये, पोटतिडकीने सांगतो.

लोकमान्य नगरातून, वहीबद्दल राहिलेलं:
सकाळी झालेल्या कामावर रेघ मारायची. 'श्री'वर नाही.