अ‍ॅरिझोनातील वाळवंटी रिसॉर्ट कोर्सवर प्रथमच खेळताना

प्रश्न

नमस्कार. गेली चौदा वर्षे मी पुण्यात गोल्फ खेळत असून माझा हँडिकॅप २० आहे (म्हणजे फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण वीस जास्त लागतात). मुलगा फिनिक्सजवळ चँडलर येथे नोकरीस असल्यामुळे येत्या ऑक्टोबरच्या आरंभी आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत, आणि तेव्हा मला स्कॉट्सडेल परिसरातील एखाद्या रिसॉर्ट कोर्सवर खेळवायचे त्याने मनावर घेतले आहे. आपल्याकडे चेंडू झाडीत गेला तर कॅडी तो शोधून देतो आणि आपण तो कसाबसा फेअरवेवर, म्हणजे मधल्या हिरव्या पट्ट्यावर, आणतो. तेथे मात्र चित्रांत हिरव्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खडी आणि निवडुंगच दिसतात. अशा ठिकाणी कसे खेळावे, चेंडू बाहेर गेल्यास काय करावे आणि कोर्स कोणता निवडावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मी बारा वर्षे फिनिक्समध्ये राहतो. कोर्सच्या निवडीआधी तारखांकडे लक्ष द्या, कारण येथील बर्म्युडा गवत हिवाळ्यात पिवळे पडते आणि म्हणून बहुतेक रिसॉर्ट कोर्स सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात त्यावर राय गवताचे बी पेरतात. त्यासाठी कोर्स दोन-तीन आठवडे पूर्ण बंद असतो आणि उघडल्यावरही काही दिवस कार्ट (खेळाडूंची छोटी गाडी) फक्त रस्त्यावरूनच न्यावी लागते. तुमचा मुक्काम नेमका त्याच काळात आहे. दोन कोर्स असलेल्या रिसॉर्टमध्ये बहुधा एकाची पेरणी झाल्यावर दुसऱ्याची होते, तेव्हा मुलाला फोन करून दोन्हींच्या तारखा विचारायला सांगा आणि जमल्यास मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यातील वेळ घ्या.

हिरवा पट्टा इतका अरुंद का, यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नाही. अ‍ॅरिझोनाचा भूजल कायदा १९८० चा आहे, आणि त्याखालील नियमांनुसार या परिसरातील नव्या अठरा होल्सच्या कोर्सला साधारण ९० एकर हिरवळीपुरताच पाण्याचा हिशेब मिळतो. त्यामुळे गवत टी (पहिला फटका मारण्याची जागा), फेअरवे आणि ग्रीन (होलभोवतीची हिरवळ) यांपुरते राखतात व मधली जमीन आहे तशी सोडतात. अनेक होल्सवर टीपासून फेअरवेपर्यंतच वाळवंट ओलांडावे लागते. म्हणून पुढची, म्हणजे होलच्या अधिक जवळची, टी घेण्यात मुळीच संकोच करू नका. माझे स्पष्ट मत असे, की २० हँडिकॅपच्या खेळाडूने येथे ड्रायव्हर (सर्वांत लांब मारा करणारी काठी) अठरापैकी पाच-सहा वेळाच बाहेर काढावा. दोनशे यार्डांचा सरळ फटका गवतावर राहतो आणि दोनशे तीसचा वाकडा फटका खडीत जातो. गुणपत्रिकेवर हा फरक दोन-तीन फटक्यांचा पडतो.

कोर्स म्हणाल तर फोर्ट मॅकडॉवेल यावापाय नेशनच्या भूमीवरील वी-को-पा येथील सॅग्वारो कोर्स मी सुचवीन. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेल्या या कोर्सचे फेअरवे रुंद आहेत, कडेला घरे नाहीत आणि तो पायी फिरूनही खेळता येतो. ट्रून नॉर्थचा मॉन्युमेंट कोर्स देखणा आहे आणि तिसऱ्या होलवरील प्रचंड शिळा पाहण्यासारखी आहे, परंतु पहिल्याच फेरीसाठी तो मला कठीण वाटतो.

उत्तर २

नियमांविषयी लिहितो, कारण येथेच आपल्याकडच्या खेळाडूंचा गोंधळ होतो. सुरुवात करण्यापूर्वी स्टार्टरला (फेरी सुरू करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला) एकच प्रश्न विचारा: वाळवंटी भाग पेनल्टी एरिया (एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू बाहेर घेता येतो असा भाग) म्हणून आखला आहे का? २०१९ च्या नियमांपासून तशी मुभा आहे. लाल खुणा असतील तर चेंडू जेथून आत गेला त्या जागेपासून दोन क्लबच्या (गोल्फच्या काठ्यांच्या) लांबीइतक्या अंतरात, एका दंडाच्या फटक्यासह, नवा चेंडू टाकता येतो. खुणा नसतील तर तो साधा कोर्सच समजायचा. मग शोधायला तीन मिनिटे मिळतात, आणि चेंडू हरवण्याची शंका असल्यास पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा, चेंडू खेळून ठेवावा. चेंडू सापडला पण खेळण्याजोगा नसला, तरी चेंडूपासून दोन क्लबचे अंतर बहुधा दुसऱ्या निवडुंगाशीच संपते. तेव्हा होल आणि चेंडू यांच्या रेषेत मागे जाणे किंवा मूळ जागेवरून पुन्हा मारणे हेच बरे.

काटे आहेत म्हणून विनादंड सवलत मिळत नाही. चेंडूपाशी विषारी साप असेल तर मात्र मिळते. काट्यांपासून बचावासाठी टॉवेल स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळणे चालते, पण तोच टॉवेल निवडुंगावर घातल्यास दंड होतो. सुटे दगड बाजूला करता येतात. १९९९ च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्ससाठी प्रेक्षकांनी हलवलेली अवाढव्य शिळाही सुटा दगडच ठरली होती. फक्त दगड काढताना चेंडू हलला, तर एक फटका दंड.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तारखांची चौकशी आजच करायला सांगतो. खडीतून मारण्यासाठी एखादे जुने आयर्न (धातूच्या डोक्याची काठी) सोबत आणावे काय? आणि उन्हाचा त्रास कितपत होतो?

उत्तर १

जुने आयर्न अवश्य आणा. चांगल्या वेजचा (जवळच्या उंच फटक्यांच्या काठीचा) तळ एका फटक्यात ओरखडतो. त्यासोबत एक साधा कंगवाही बॅगेत असू द्या. येथे चोया नावाचा निवडुंग आहे, ज्याचे तुकडे नुसत्या ओझरत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात आणि ज्याच्या काट्यांना उलटी कुसळे असतात. पहिल्या वर्षी असा लिंबाएवढा तुकडा माझ्या पोटरीला चिकटला. तो हाताने ओढायला गेलो तर बोटांतही रुतला. बरोबरच्या वयस्कर गृहस्थांनी शांतपणे तुकड्याच्या खाली कंगवा सरकवला आणि झटक्यासरशी तो दूर उडवला. उरलेले काटे मी घरी चिमट्याने काढले.

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात दुपारी तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा अत्यंत कोरडी असल्याने घाम जाणवत नाही आणि पाणी पिण्याचे भान राहत नाही, म्हणून तहानेची वाट न पाहता प्रत्येक टीवर दोन घोट घ्या आणि सकाळची पहिली वेळ मागा. त्या वेळी उन्हाची तिरीप सॅग्वारो या उंच निवडुंगांवर पडते. पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे घेणाऱ्या त्या खोडांत कोणाकोणाचे चेंडू अर्धे रुतून बसलेले तुम्हाला दिसतील. ते काढण्याच्या फंदात पडू नका. खोडाला इजा होते आणि कायद्याने या वनस्पतीला संरक्षण आहे.