भाड्याची गाडी वाटेत अडते तेव्हा : अनुभव

मुंबईत गाडी विकत घेणे एक वेळ जमते, पण ती उभी करायला जागा मिळत नाही. त्यामुळे गणपतीला कोकणात जायचे असो किंवा जोडून सुट्ट्या आलेल्या असोत, स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेणारी अनेक कुटुंबे आपल्या ओळखीत असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली ही गाडी बंद पडली, की ओळखीच्या मेकॅनिकला बॉनेट उघडू देण्याचाही अधिकार आपल्याकडे उरत नाही. नेमके काय बिघडले, मदतीला कोण आले आणि पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हे कृपया आपण राहता त्या भागाचे नाव वर देऊन सविस्तर लिहावे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्यांचे अनुभव मात्र येथे नकोत, कारण खासगी वापराच्या विम्यात भाड्याने दिलेली गाडी बसतच नाही आणि तो वाद निराळा आहे.

दादर

जुलैतल्या एका रात्री सासूबाईंना विमानतळावरून घरी आणत असताना गांधी मार्केटपाशी पाणी साचले होते. शेजारून गेलेल्या बसने उसळवलेली लाट बॉनेटवर आली आणि इंजिन बंद पडले. पायाखालची मॅट तरंगू लागली, तेव्हा यजमानांनी चावीकडे हात नेला, तेवढ्यात दुभाजकावर उभे असलेले एक टॅक्सीवाले काका ओरडले, "स्टार्टर मारू नका, न्यूट्रलला टाका आणि ढकला." हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन फिरवले तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले इंजिनाचे नुकसान, वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले नसेल, तर विमा कंपन्या सहसा नाकारतात.

खरी गंमत पुढेच आहे. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रातील मुलगी "एकदा सुरू करून पाहा" असेच पुन्हा पुन्हा सांगत होती. हीच सूचना व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा, असे आम्ही शांतपणे म्हटल्यावर तिने वरिष्ठांना विचारले आणि सूचना मागे घेतली. पहाटे गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक आला. चाकाच्या कितव्या नटापर्यंत पाणी होते, ते दिसणारी छायाचित्रे आम्ही वेळेसह काढून ठेवली होती. गॅरेजच्या अहवालात इंजिन कोरडे निघाले, फक्त एअर फिल्टर भिजला होता. तरीही आतील सफाईचे पैसे आमच्याच डिपॉझिटमधून वळते झाले.

मुलुंड

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या अलीकडे मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅकही होता, पण पाना नटांना लागत नव्हता. या मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने पंक्चरवाला मोटारसायकलवरून येईल ही आशाच नको. चारही इंडिकेटर चालू ठेवून, लाल त्रिकोण बराच मागे ठेवून आम्ही सर्वजण लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहिलो. गाडीत बसून राहणे हा तिथला सर्वांत धोक्याचा पर्याय आहे. गस्तीवरच्या लोकांनी चाक बदलून दिले. गाडी ताब्यात घेताना पाना एखाद्या नटावर लावून पाहावा, एवढेच सुचवतो.

बोरिवली

आमच्या बाबतीत बिघाड नव्हे, धडक झाली. सिग्नलला उभे असताना मागून टेम्पोने बंपर फोडला. टेम्पोचालक तिथल्या तिथे रोख देऊन मोकळा होऊ पाहत होता आणि स्वतःची गाडी असती तर कदाचित आम्हीही ते मान्य केले असते. परंतु भाड्याच्या गाडीत नुकसान ठरवणारे आपण कोणीच नसतो. आम्ही टेम्पोचा क्रमांक, चालकाचा परवाना आणि दोन्ही वाहनांची जागा एकाच चौकटीत येईल असे छायाचित्र घेतले, कंपनीला कळवले आणि पोलीस ठाण्यात नोंद केली. त्या नोंदीची प्रत नसती, तर कराराप्रमाणे दुरुस्तीचा सगळा खर्च आमच्यावर आला असता. आता तो ठरावीक मर्यादेपर्यंतच आला.

त्याहून जास्त झोंबले ते गाडी गॅरेजमध्ये राहिल्याच्या दिवसांचे भाडे. बंपर बदलायला इतका काळ कसा लागला, असे विचारून आम्ही गॅरेजचे जॉबकार्ड, म्हणजे कामाची नोंद असलेला कागद, मागितले. त्यावर काम पूर्ण झाल्याची जी तारीख होती, तिच्यानंतरही आमच्या नावावर भाडे चढवलेले होते. तेवढी रक्कम परत मिळाली. जॉबकार्ड न मागता पैसे भरणारे किती असतील, याचा विचार करून चीड येते.

चेंबूर

नाशिकला जाताना शहापूरजवळच्या पंपावर सीएनजी नाकारला गेला, कारण सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या मजबुतीच्या चाचणीची, मुदत टळली होती. ही चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते. पंपावरचा मुलगा बरोबरच होता. पुढचा सगळा प्रवास पेट्रोलवर केला. त्या पट्टीचे छायाचित्र आणि पेट्रोलची पावती पाठवल्यावर कंपनीने फरक दिला, पण पुढच्या भाड्यात वापरायच्या कूपनच्या रूपात.

विलेपार्ले

वर डिपॉझिटचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. कसारा घाटात क्लचप्लेट जळाली आणि ती आमच्या चालवण्यामुळेच जळाली, असे सांगून आमची पूर्ण अनामत अडवली गेली. गाडी घेतानाच क्लच उंचावर धरत होता, म्हणजे प्लेट आधीच झिजल्याची खूण होती, आणि निघण्यापूर्वीच्या व्हिडिओत मी ते बोलूनही दाखवले होते. मेलला उत्तर येईना, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तोच व्हिडिओ जोडला. अनामत परत आली. टोचनचे पैसे मात्र त्यांनी अजून दिलेले नाहीत आणि पाठपुरावा चालू आहे.