टायमिंग बेल्ट : दर वेळी एक दात मागं

प्रश्न (लातूर) : दादांनो, जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन घरीच बांधायलोय. कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) आन् क्रँक (पिस्टन फिरवतो तो दांडा) यांच्या खुणा जुळवून दोघांना जोडणारा दातेरी टायमिंग बेल्ट चढवतो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) आवळतो. हातानं दोन फेरे दिले की कॅम एक दात मागं! तीनदा झालं. सेल मारायची हिंमत होईना.

उत्तर (जालना) : मारू बी नका. आधी सांगा, क्रँकची खूण कुठली धरली? बाहेरच्या पुलीची नको, आतल्या दातेरी चाकाची बघा. मी पुलीच्या भरवशावर राहिलो आन् पिस्टन आपटून दोन व्हॉल्व वाकवले. बायको अजून टोमणे मारती.

प्रश्नकर्ता : आतलीच धरलीय.

उत्तर (परभणी) : मग ढील चुकीच्या बाजूला राहिली. क्रँक बेल्ट ओढतो ती बाजू आधी ताठ बसवा, उरलेली ढील सगळी टेन्शनरकडं. टेन्शनर सैल ठेवूनच बेल्ट चढवा. स्पार्क प्लग काढा, म्हंजी हलकं फिरल. इंजिनाच्या दिशेनंच फिरवा, उलटं नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच होतो, म्हणून एका फेऱ्यावर खूण बघून घाबरू नका. मधीच अडकलं तर जोर लावायचा नाही.

प्रश्नकर्ता : जुळलं! ढीलच होती. सहा फेरे देऊन बघितलं, खूण जागची हलंना. आता रेडिएटर बसवतो.