कंट्रोल लाइनचं इंजिन जाम झालंय, मदत हवी आहे (जरा अर्जंट)

जुनापंखा: ३५ वर्षांनी माळ्यावरून कंट्रोल लाइनचं विमान (तारांनी हातात धरून आपल्याभोवती गोल उडवायचं छोटं मॉडेल) खाली काढलं, कॉलेजात एनसीसी एअर विंगला होतो तेव्हाचं. पंख उंदरांनी कुरतडलेत ते मी बघतो पण इंजिन पूर्ण जाम, प्रॉपेलर तसूभर हलत नाही. रविवारी मैदानावर न्यायचंय, मित्रांना सांगून बसलोय. काय करू?

कापूरकाडी: ग्लो प्लग (इंधन पेटवतो तो) बदला. दीड व्होल्ट देऊन बघा, कॉइल लाल होते का?

खटपट्या: प्लगचा आणि जाम होण्याचा काय संबंध??

जुनापंखा: अहो याला प्लग नाहीच.

खटपट्या: मग डिझेल आहे, म्हणजे प्लगशिवाय दाबाने पेटणारं, हे आधी सांगायचं ना काका! किती सीसी?

जुनापंखा: अडीच. आमच्याकडे सगळी डिझेलच होती, मला वाटलं कळेल.

खटपट्या: आतलं एरंडेल सुकून डिंक झालंय, बाकी काही नाही. वरचा कॉम्प्रेशन स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा, हेअर ड्रायरने चांगलं गरम करा आणि मग हाताने हळूहळू फिरवा. पक्कड लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकला तर संपलं.

लिपोभक्त: कशाला एवढा उपद्व्याप. ब्रशलेस मोटर, टायमर, एक बॅटरी, विषय संपला. कपड्यांना वास नाही.

खटपट्या: आणि आवाजही नाही. मग घरी पंखाच लावून बसा की.

सांगलीकर_: अवांतर, या वयात गरगरत नाही का हो? माझे मेहुणे नातवाला झोपाळ्यावर झोका देतानाच बसले खाली.

जुनापंखा: ५९ म्हणजे काही म्हातारा नाही.

कापूरकाडी: गरगरतं, मी ५४ व्या वर्षी परत सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी आडवा झालो. ५० फुटी तारेवर फेरी पाच सेकंदांत होते, म्हणजे ताशी सत्तरेक किलोमीटर, आणि तुम्ही मधे उभे राहून तेवढ्याच वेळात गिरकी घेताय. नजर विमानावरच ठेवा, मागची झाडं बघायची नाहीत. टाकीत इंधन अर्धंच भरा.

जुनापंखा: ड्रायरने सुटलं!! बायकोचा होता, असो. आता इंधनात घालायला इथर मिळत नाहीये, केमिस्ट माझ्याकडे चोरासारखं बघतो. रॉकेल आणि एरंडेल आहे घरात. पेट्रोल घातलं तर?

खटपट्या: नाही. दाबाने पेट घेतं ते इथरच, म्हणून तर इथर, रॉकेल, एरंडेल तिन्ही सारखे घ्यायचे. आणि आणलंत तर देवघरापासून लांब ठेवा, फार पटकन भडकतं.

लिपोभक्त: बॅटरी केमिस्टकडे आणायला जावं लागत नाही, एवढंच म्हणतो.

कापूरकाडी: तारा जुन्याच का? गंज किंवा पीळ दिसला तर फेका. अर्ध्या किलोचं विमान त्या वेगाला सव्वा किलोने ओढतं, सुटलं तर कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. आणि मैदानावरून विजेच्या तारा जातात का?

जुनापंखा: एका कोपऱ्यात आहेत, पण लांब.

कापूरकाडी: लांब म्हणजे किती फूट?