मदत हवी आहे: घाटमाथ्यावरच्या पावसात टिकेल असा हलका टेंट (दोघांसाठी)

नमस्कार मंडळी, टेंट घ्यायचाय आणि रिव्ह्यू वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. इथले टेंटचे जुने धागे चाळले पण ते सगळे डिसेंबरात चांदण्या बघत झोपणाऱ्यांचे, मला जुलै-ऑगस्टमध्ये वापरायचाय म्हणून नवीन काढतोय.

गरज अशी आहे की मी आणि माझा मामेभाऊ, दोघंच. तो चांगला सहा फुटी, त्यामुळे टेंट लांबीला आखूड असला की त्याचे पाय कापडाला टेकणार आणि सकाळी स्लीपिंग बॅगचं टोक ओलं. शुक्रवारी ऑफिस सुटलं की बाइकवर वेल्हे, मुळशी, भोर असं कुठेतरी निघायचं, गावात गाडी लावायची, ज्याची जमीन असेल त्याला विचारून वरच्या माळावर मुक्काम. गडावर लावणार नाही, बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते आणि अभयारण्यात तर विषयच सोडा. पवनेच्या काठचं डीजे-बार्बेक्यूवालं प्रकरण पण नकोय, तसले सल्ले प्लीज देऊ नका. बजेट पंधरा हजारापर्यंत, वजन शक्यतो दोन किलोच्या आत, पुढेमागे शंभर-दोनशे ग्रॅम चालतील पण माझ्या गुडघ्यांना चालतील का ते माहीत नाही.

सध्या मित्राचा डोम टेंट मागून नेतो. त्याचा खरा त्रास गळण्याचा नाहीये. आधी इनर (आतला झोपायचा कप्पा) उभा करायचा आणि मग वरून फ्लाय (बाहेरचं पाऊस अडवणारं कापड) टाकायचा अशी त्याची रचना, तेवढ्या पाच-सात मिनिटांत इनरमध्ये तळं साचतं, मग रात्रभर आपण पंच्याने पाणी पुसत बसायचं. म्हणजे वॉटरप्रूफ टेंटमध्ये पाणी आपणच भरून घेतो, काय उपयोग!

आता पर्याय. क्वेचुआ एमएच१०० वाघोलीच्या डेकॅथलॉनमध्ये आत झोपून बघितला, दणकट वाटला, किंमत पण बरी, पण वजन अडीच किलोच्या पुढेमागे आणि पोल फायबरग्लासचे. नेचरहाइक क्लाउड अप २ चा २०डी वाला (म्हणजे पातळ धाग्याच्या कापडाचा), दीड-पावणेदोन किलो, ॲल्युमिनियमचे पोल, सगळे त्याचंच नाव घेतात. तिसरा म्हणजे ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा एकपदरी टेंट, एक किलोच्या आसपास, बघूनच मोह होतो.

प्रश्न दोन आहेत. एक, हे एचएच (कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचं माप, मिलिमीटरमध्ये) २०००, ३०००, ४००० आकडे आपल्याकडच्या पावसाला किती मनावर घ्यायचे? ३००० म्हणजे तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी झिरपत नाही, एवढं समजलं, पण पाऊस काही स्तंभासारखा उभा राहत नाही. दुसरा, एकपदरी टेंट आतून ओला होतो म्हणतात, तो नुसत्या व्हेंट उघड्या ठेवून आटोक्यात येतो का? ज्यांनी खरंच पावसात वापरलेत त्यांनीच सांगा, यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या सगळ्या बघून झाल्यात.

प्रतिसाद:
पावसाळ्यात टेंट हवाय कशाला? गावातल्या मारुतीच्या देवळात झोपा, विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, पिठलं-भाकरी पण मिळते. पंधरा हजारात दहा वर्षं फिराल.

धागाकर्ता:
काका, देवळात झोपतोच की, पण दर वेळी गाव मुक्कामाच्या जागी असेलच असं नाही ना.

प्रतिसाद:
एकपदरी घेऊ नकोस रे भाऊ, निदान पावसाळ्यासाठी नको. व्हेंट उघड्या ठेवल्या की ओल जाते हे खरं, पण बाहेरची हवा कोरडी असेल तर. जुलैमध्ये तुझा माळ ढगात असतो, बाहेरचीच हवा दमटपणाने गच्च, ती आत घेऊन काय वाळणार? श्वासाची वाफ कापडाला लागून पाणी होणारच. दुपदरी टेंटमध्येही होतं, फक्त ते फ्लायच्या आतल्या बाजूला होतं आणि मधे इनर असल्यामुळे तुझ्या तोंडावर ठिबकत नाही. तेवढ्यासाठी अर्धा-पाऊण किलो जास्त उचललेलं परवडतं. आणि तसंही आपल्याकडे पावसाळ्यात कडाक्याची थंडी नसते, जाड स्लीपिंग बॅग घरी ठेव, लायनर आणि पातळ शाल पुरते, वजन तिथे वाचव.

दुसरं, ट्रेकिंग पोलवाला टेंट पेगवर (जमिनीत ठोकायच्या खुंट्यांवर) उभा असतो. आपल्या माळावर बोटभर माती आणि खाली कातळ, पेग आत जातच नाही, गेला तरी चिखलातून सुटतो. स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घे. दोऱ्या दगडाला बांधायच्या, त्या दगडाच्या पुढे अजून एक मोठा धोंडा ठेवायचा, वारा कितीही ओढू दे.

एचएचचं म्हणशील तर वरच्या कापडाला १५०० ते २००० खरं तर पुरतं. आकडा बघायचाच तर खालच्या फ्लोअरचा बघ, कारण तिथे तुझा गुडघा नाहीतर कोपर ओल्या जमिनीवर दाबला जातो. पण टेंट गळतो तो बहुतेक शिवणीतून. फ्लायच्या शिवणींना आतून टेप आहे ना ते बघ, काही सिलिकॉन कोटिंगच्या कापडांवर टेप चिकटत नाही, त्यांना सिलिकॉनचा सीलर ब्रशने लावावा लागतो. नायलॉन असेल तर ओलं झाल्यावर सैल पडतं, झोपायच्या आधी एकदा दोऱ्या ताणून घे, नाहीतर रात्री फ्लाय इनरला चिकटणार आणि तू म्हणणार टेंट गळतो. पॉलिएस्टर एवढं सैल पडत नाही.

इनरमधल्या तळ्याला उपाय आहे. इनर क्लिपांनी पोलला अडकणारा असेल आणि खालच्या ग्राउंडशीटला कोपऱ्यांत रिंगा असतील, तर आधी शीट, रिंगांमध्ये पोल, त्यावर फ्लाय, आणि मग आत बसून कोरड्यात इनर अडकवायचा. जरा कसरत होते पण जमतं. शीट मात्र फ्लायच्या बाहेर डोकावू द्यायची नाही, नाहीतर पावसाचं पाणी गोळा करून बरोबर तुमच्या पाठीखाली आणते.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. फक्त जागा निवडताना ओढ्याच्या काठाला आणि उभ्या डोंगरउताराच्या पायथ्याला अजिबात नको, माळीण २०१४ आणि इर्शाळवाडी २०२३, दोन्ही दरडी जुलैमध्येच कोसळल्या, तिथे कितीही भारी टेंट काही करू शकत नाही. एक हलकी ताडपत्री बोहरी आळीतून घ्या, टेंटच्या तोंडाशी बांधली की चहा करायला आणि ओले बूट ठेवायला जागा होते, स्टोव्ह टेंटच्या आत पेटवायचा नाही. आणि परत आल्यावर टेंट पिशवीत तसाच कोंबून ठेवू नका, पीयू कोटिंग (कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर) ओलसर राहिलं की चिकट होतं, वास मारतं, मग सुटायलाच लागतं. फॅनखाली हॉलभर पसरा, घरचे बोलतील, बोलू दे.

धागाकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे. एकपदरीचं भूत उतरलं. क्लाउड अपकडे वळतोय पण त्याची पायाकडची बाजू उतरती दिसते, सहा फुटी माणूस त्यात पाय लांब करून झोपलाय का कोणी? उंच लोकांनी कृपया सांगा. घ्यायच्या आधी कोणाचा पुण्यात दाखवायला मिळाला तर अजून बरं, मामेभावाला घेऊन येतो, चहा आमच्याकडून.